पिकअप (पाचतारी बेस गिटार)

पिकअप हा विद्युत बेस गिटारच्या तारांचे कंपन विद्युत संकेतात रूपांतरित करणारा भाग होय. चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे वेटोळे, अशी त्याची मूलभूत रचना असते. वाद्यासोबत आलेला पिकअप काढून त्याच्या जागी दुसरा बसवण्याची पद्धत वादकांमध्ये रूढ आहे. पाच तारांच्या बेस गिटारसाठी ही निवड चार तारांच्या वाद्यापेक्षा अधिक काटेकोरपणे करावी लागते. पाचवी, सर्वांत खर्जाची तार इतर चार तारांइतकी स्पष्ट ऐकू येणे ही त्यातील मुख्य कसोटी असते. शिवाय पाचतारी वाद्यांची मापे उत्पादकागणिक बदलतात.

इतिहास

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. पिकअपचे कार्य याच तत्त्वावर चालते. अमेरिकेत जॉर्ज बोशाम्प आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी हे तत्त्व गिटारसाठी यशस्वीपणे वापरले. लिओ फेंडर यांची 'प्रिसिजन बेस' ही पडद्यांची विद्युत बेस गिटार १९५१ मध्ये बाजारात आली आणि डबल बेसला सुटसुटीत पर्याय मिळाला. या वाद्याला १९५७ मध्ये दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप बसवण्यात आला. १९६० मध्ये दोन स्वतंत्र पिकअप असलेली 'जॅझ बेस' आली. आजही पिकअपचे आकार ओळखताना या दोन वाद्यांची आद्याक्षरे, म्हणजे 'पी' आणि 'जे', वापरली जातात.

फेंडर कंपनीने १९६५ मध्ये 'बेस फाइव्ह' हे पाचतारी वाद्य आणले. मात्र त्यातील अधिकची तार वरच्या पट्टीतील होती. खर्जाकडे विस्तार करण्याची कल्पना १९७० च्या दशकात रुजली. वादक अँथनी जॅक्सन यांच्यासाठी कार्ल थॉम्पसन यांनी १९७५ मध्ये सहा तारांची बेस गिटार घडवली. तिच्यात खर्जाची 'बी' तार होती. 'म्युझिक मॅन' कंपनीची 'स्टिंगरे ५' १९८७ मध्ये आली आणि पुढील काळात खर्जाची 'बी' तार असलेली पाचतारी बेस हे नेहमीच्या वापरातील वाद्य बनले.

महाराष्ट्रात बेस गिटार प्रथम मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणांतून सर्वांच्या कानांवर पडली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ आणि मुंबईचे वादक चरणजित सिंग ही या क्षेत्रातील परिचित नावे आहेत.

रचना व कार्यतत्त्व

पिकअपमधील चुंबकामुळे त्यावरून जाणारी पोलादी किंवा निकेलयुक्त तार चुंबकित होते. तार कंप पावू लागली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र तिच्यासोबत बदलते आणि वेटोळ्यात अल्प विद्युतदाब निर्माण होतो. हा विद्युतदाब तारेच्या कंपनाची प्रतिकृती असतो. तो केबलद्वारे अ‍ॅम्प्लिफायरकडे नेला जातो. नायलॉनच्या तारांवर चुंबकीय पिकअपचा परिणाम होत नाही. तेथे दाबविद्युत तत्त्वावरील पिझो पिकअप लागतो.

वेटोळ्यासाठी वापरली जाणारी लाखेचे आवरण असलेली तार साधारणतः ०.०६ मिमी जाडीची, म्हणजे केसाइतकी बारीक असते. तिचे काही हजार वेढे दिलेले असतात. वेढे सैल राहून स्वतःच कंप पावू नयेत म्हणून पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून काढण्याची पद्धत आहे.

पाचव्या तारेचे स्वरूप

प्रचलित जुळणीत पाच मोकळ्या तारांच्या वारंवारता पुढीलप्रमाणे असतात.

बी : ३०.८७ हर्ट्झ
ई : ४१.२० हर्ट्झ
ए : ५५.०० हर्ट्झ
डी : ७३.४२ हर्ट्झ
जी : ९८.०० हर्ट्झ

माणसाच्या श्रवणाची खालची मर्यादा सुमारे २० हर्ट्झ मानली जाते. 'बी' तारेचा मूळ स्वर या मर्यादेच्या जवळ असल्याने सरावाच्या लहान अ‍ॅम्प्लिफायरमधून तो जवळजवळ बाहेर पडतच नाही. तरीही स्वर ओळखता येतो. याचे कारण असे की तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वरही निघतात. 'बी' तारेच्या बाबतीत हे उपस्वर ६१.७, ९२.६, १२३.५ आणि १५४.३ हर्ट्झ असे चढत जातात. या उपस्वरांवरून मेंदू मूळ स्वराचे अनुमान करतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा अशाच पाचव्या उपस्वराचा परिणाम आहे. तानपुऱ्यात उपस्वर खुलवण्याचे काम जवारी करते. विद्युत बेसमध्ये निघालेल्या उपस्वरांपैकी कोणते पुढे जातील आणि कोणते दबतील, हे मोठ्या प्रमाणात पिकअपवर अवलंबून असते.

यावरून पाचतारी बेसच्या पिकअपविषयीचा मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. 'बी' तार गढूळ वाटत असेल तर केवळ खालचा आवाज वाढवणारा पिकअप उपयोगी पडत नाही. उपस्वर स्वच्छ राखणारा आणि पाचही तारांना समान न्याय देणारा पिकअप घ्यावा लागतो.

प्रकार

एकवेटोळी : यात एकच वेटोळे असते. 'जे' आकाराचे पारंपरिक पिकअप या प्रकारातील होत. आवाज स्वच्छ व रेखीव असतो. परंतु सभोवतालच्या विद्युत उपकरणांची गुणगुण त्यात शिरते.

विभाजित : 'पी' पिकअपमध्ये दोन वेटोळी वेगवेगळ्या तारांखाली असतात. पाचतारी वाद्यात तारांची विभागणी सहसा तीन व दोन अशी होते. दोन्ही वेटोळ्यांची दिशा व चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध असल्याने गुणगुण नाहीशी होते.

हंबकर : यात प्रत्येक तारेखाली दोन वेटोळी येतात. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये या रचनेचा पिकअप विकसित केला. दोन्ही वेटोळी एकसर जोडल्यास आवाज मोठा व भरदार होतो. समांतर जोडल्यास तो थोडा लहान, पण अधिक खुला होतो. चार तारांची जोडणी बाहेर काढलेली असल्यास एका छोट्या स्विचने दोन्ही पर्याय मिळतात.

सक्रिय : वेटोळ्याला कमी वेढे देऊन पिकअपच्याच आत लहान प्रवर्धक बसवलेला असतो. त्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी लागते. हा पिकअप आणि सक्रिय प्रीअ‍ॅम्प या भिन्न गोष्टी आहेत. अनेक पाचतारी वाद्यांत पिकअप साधे असतात व फक्त प्रीअ‍ॅम्प बॅटरीवर चालतो. वाद्यात बॅटरी दिसली म्हणून पिकअपही सक्रिय आहेत असे गृहीत धरता येत नाही.

साबणाच्या वडीसारखे सपाट आवरण असलेल्या पिकअपला 'सोपबार' म्हणतात. हे आवरणाचे नाव आहे. आत एकवेटोळी, हंबकर किंवा सक्रिय यांपैकी कोणतीही रचना असू शकते.

बदलण्यापूर्वीची तपासणी

पिकअपचा वाटणारा दोष पुष्कळदा इतरत्र असतो. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी पुढील बाबी क्रमाने तपासल्या जातात.

पहिली बाब तारांची. जुन्या तारांत घाम व धूळ साचून उपस्वर मरतात आणि 'बी' तारेवर हा परिणाम लवकर जाणवतो. या तारेची जाडी बहुधा ०.१३० इंच, म्हणजे सुमारे ३.३ मिमी असते. दुसरी बाब पिकअपच्या उंचीची. शेवटच्या पडद्यावर तार दाबून तिची खालची बाजू व पिकअप यांमधील अंतर मोजतात. ते साधारण २ ते ३ मिमी असावे. खर्जाच्या बाजूला थोडे जास्त ठेवतात. पिकअप फार जवळ असल्यास चुंबक जाड तारेला ओढतो आणि स्वर डळमळीत होतो. तिसरी बाब मानेचा बाक, पडद्यांची समतलता आणि घोडीवरील तारेची लांबी यांची. चौथी बाब बॅटरी, जॅक व सैल सोल्डर यांची.

शेवटी मल्टिमीटरने पिकअपचा विद्युतरोध मोजला जातो. मोजणी करताना पिकअप आवाजाच्या पॉटपासून सुटा करावा लागतो. अन्यथा पॉटचा रोधही मोजमापात मिसळतो. साध्या पिकअपमध्ये मीटर अनंत रोध दाखवत असेल तर वेटोळे तुटले आहे असे समजावे. सक्रिय पिकअपला ही कसोटी लागू पडत नाही.

निवडीचे निकष

आकार व माप

पाचतारी वाद्यांच्या पिकअपला सर्वमान्य असे एक माप नाही. चारतारी जॅझ बेसचे पिकअप बहुतेक ठिकाणी सुमारे ९२ व ९५ मिमी लांबीचे असतात; पाचतारी 'जे' पिकअपची लांबी मात्र उत्पादकानुसार बदलते. सोपबारमध्ये 'इएमजी' कंपनीच्या मापांचा आधार घेण्याची पद्धत आहे. तिच्या ३५, ४० व ४५ या क्रमांकांच्या आवरणांची लांबी अनुक्रमे ३.५, ४ व ४.५ इंच, म्हणजे ८८.९, १०१.६ व ११४.३ मिमी असते आणि रुंदी १.५ इंच असते. पाचतारी वाद्यांत ४० क्रमांकाचे आवरण अधिक आढळते, तरी काही वाद्यांना ३५ क्रमांकाचेही असते. त्यामुळे तारांच्या संख्येवरून माप ठरवू नये. आवरणाची लांबी, रुंदी, कोपऱ्यांची गोलाई, खाचेची खोली व स्क्रूंच्या जागा प्रत्यक्ष मोजूनच मागणी नोंदवावी.

तारांमधील अंतर

घोडीजवळ दोन शेजारच्या तारांमध्ये साधारण १७ ते १९ मिमी अंतर असते. पाच तारांमध्ये अशी चार अंतरे येतात. त्यामुळे पहिल्या व पाचव्या तारेतील एकूण अंतर ६८ ते ७६ मिमी भरते. मानेकडे सरकताना ते कमी होत जाते. म्हणून पिकअपच्या नेमक्या जागी मोजमाप घ्यावे लागते. सुट्या चुंबकदांड्यांच्या पिकअपमध्ये 'बी' किंवा 'जी' तार दांडीच्या बाहेर पडली तर तिचा आवाज क्षीण होतो. सलग पट्टीच्या चुंबकात ही अडचण राहत नाही.

चुंबकाचा प्रकार

अ‍ॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्यापासून केलेल्या मिश्रधातूला अल्निको म्हणतात. बेस पिकअपमध्ये त्याचा पाचवा प्रकार सर्वाधिक वापरला जातो. फेराइट चुंबक, ज्यांना सिरॅमिक असेही म्हणतात, स्वस्त असतात. त्यांच्या रचनेतून ठळक व कडक आवाज मिळतो असा वादकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. निओडिमियम चुंबक लहान आकारातही प्रबळ असतात. मात्र चुंबकाइतकाच वेढ्यांची संख्या व वेटोळ्याचा आकार यांचाही आवाजावर प्रभाव पडतो.

अनुनाद व केबल

पिकअपचे वेटोळे आणि केबल यांचा मिळून एक अनुनादी परिपथ बनतो. ज्या वारंवारतेला हा अनुनाद होतो तिच्या आसपासचे स्वर उठून दिसतात व त्यापुढील झपाट्याने कमी होतात. उदाहरणार्थ, ४ हेन्री इंडक्टन्सचा पिकअप आणि ६०० पिकोफॅरड धारितेची सुमारे ६ मीटर केबल असल्यास अनुनाद ३,२०० हर्ट्झच्या जवळपास येतो. वेढे वाढवले की इंडक्टन्स वाढतो, अनुनाद खाली सरकतो आणि आवाज मोठा पण बोथट होतो. 'बी' तारेची स्पष्टता हवी असल्यास अतिशय जास्त वेढ्यांचा, 'हॉट' म्हणून विकला जाणारा पिकअप टाळणे हिताचे असते.

पॉट व परिपथ

साध्या बेस पिकअपला सहसा २५० किंवा ५०० किलो-ओहमचे पॉट लावतात. जास्त रोधाच्या पॉटमुळे वरचे उपस्वर अधिक टिकतात. सक्रिय पिकअपला साधारण २५ किलो-ओहमचे पॉट लागतात. एक पिकअप सक्रिय व दुसरा साधा ठेवल्यास साध्या जोडणीत दोघांचा समतोल साधत नाही; म्हणून दोन्ही एकाच प्रकारचे घेण्याची शिफारस केली जाते.

पिकअपची जागा

घोडीजवळचा पिकअप कडक व टोकदार आवाज देतो, मानेजवळचा गोल व भरीव. तारेच्या ज्या बिंदूवर एखादा उपस्वर स्थिर असतो तेथे असलेल्या पिकअपला तो उपस्वर जाणवत नाही. ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिमी लांबीच्या मोकळ्या तारेत घोडीपासून सुमारे २१६ मिमीवर चौथ्या उपस्वराचा असा बिंदू येतो. जॅझ बेसचा घोडीजवळचा पिकअप १९७० च्या दशकात सुमारे १० मिमीने घोडीकडे सरकवण्यात आला आणि तेवढ्यानेही आवाजात ओळखू येणारा फरक पडला. जुन्याच खाचेत नवा पिकअप बसवल्याने ही जागा बदलत नाही. त्यामुळे केवळ पिकअप बदलून एका वाद्याचा आवाज दुसऱ्या वाद्यासारखा हुबेहूब करता येत नाही.

नागपूर व विदर्भातील वापर

भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. त्यातून पिकअपमध्ये शिरणारी गुणगुण प्रामुख्याने ५० हर्ट्झ व तिच्या पटींत असते. 'ई' तारेच्या तिसऱ्या पडद्यावरील 'जी' स्वर ४९ हर्ट्झचा आणि मोकळी 'जी' तार ९८ हर्ट्झची असल्याने ही गुणगुण बेसच्या स्वरांच्या अगदी शेजारी येऊन बसते. स्वर नियंत्रकाने ती कापावी तर स्वरही कापला जातो. गणेशोत्सवाचे मंडप आणि लग्नसमारंभातील तात्पुरती व्यासपीठे येथे रोषणाईच्या माळा, डिमर व ध्वनियंत्रणा एकाच जोडणीवर असतात आणि अर्थिंग अनेकदा अपुरे असते. अशा ठिकाणी नियमित वाजवणाऱ्यांना हंबकर, विभाजित किंवा गुणगुण रोखणारे द्विवेटोळी 'जे' पिकअप सोयीचे पडतात. मात्र सदोष अर्थिंगमुळे धक्का बसण्याचा धोका असतो. तो कोणत्याही पिकअपने दूर होत नाही, त्यासाठी विद्युतजोडणीच दुरुस्त करावी लागते.

नागपुरात उन्हाळ्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. तांब्याचा विद्युतरोध प्रत्येक अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. २० अंशांना ८ किलो-ओहम भरणारा पिकअप ४५ अंशांना सुमारे ८.८ किलो-ओहम दाखवतो. त्यामुळे मे महिन्यात मोजलेल्या आकड्याची तुलना उत्पादकाच्या तक्त्याशी करताना नवा पिकअप सदोष असल्याचा चुकीचा समज होऊ शकतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तापमान याहून बरेच वाढते व पिकअपमधील मेण मऊ पडू शकते. वाद्य तेथे ठेवू नये.

विदर्भातील कोरडा उन्हाळा आणि दमट पावसाळा यांमुळे मानेचे लाकूड आकसते व फुगते. तारांची उंची बदलते आणि तिच्यासोबत पिकअपचे अंतरही. जूनमध्ये पिकअपविषयी झालेले प्रतिकूल मत पावसाळ्यानंतर उंची पुन्हा जुळवल्यावर बदलण्याचा संभव असतो. म्हणून ऋतुबदलानंतर फेरजुळणी करूनच निर्णय घेणे श्रेयस्कर ठरते.

बसवणी

मूळ जोडणीचे छायाचित्र किंवा आकृती काढून मगच तारा सोडवाव्यात. साधारण २५ ते ४० वॉटचे सोल्डरिंग आयर्न या कामाला पुरते. पॉटच्या पाठीवर सोल्डर करताना उष्णता फार वेळ देऊ नये, कारण आतील पट्टी जळते. घोडीखालून येणारी अर्थची तार तुटू न देण्याची काळजी घ्यावी. खाचेला तांब्याची पातळ पट्टी लावून ती अर्थला जोडल्यास ट्यूबलाइट, डिमर यांसारख्या उपकरणांचा खरखराट कमी होतो.

दोन्ही पिकअप एकत्र चालू केल्यावर आवाज पोकळ व नाकातून आल्यासारखा वाटत असेल, तर ते परस्परांच्या विरुद्ध दिशेने जोडले गेले आहेत असे समजावे. अशा वेळी एका पिकअपच्या दोन्ही तारांची अदलाबदल करतात. एकवेटोळ्या जोडीत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. अशा जोडीतील एकाचे वेढे व चुंबकीय ध्रुव दोन्ही उलट ठेवलेले असतात, त्यामुळे एकत्र वाजवताना गुणगुण नाहीशी होते. वेगळ्या उत्पादकाचा एकच पिकअप आणून बसवल्यास दोघांचे ध्रुव सारखे निघू शकतात. मग तारा कशाही जोडल्या तरी एकतर आवाज पोकळ होतो किंवा गुणगुण राहते. म्हणून एकवेटोळे पिकअप शक्यतो जोडीनेच घेतात.

काढलेले मूळ पिकअप जपून ठेवण्याचा प्रघात आहे. नवा आवाज न रुचल्यास ते पुन्हा बसवता येतात आणि वाद्य विकतानाही उपयोगी पडतात.

प्रचलित गैरसमज

विद्युतरोध जास्त म्हणजे आवाज मोठा, हा सर्वाधिक आढळणारा गैरसमज होय. रोध हा तारेची लांबी व जाडी यांवर अवलंबून असतो. अधिक बारीक तार वापरली तर वेढे तेवढेच ठेवूनही तो वाढतो. एकाच रचनेच्या, एकाच जाडीच्या तारेच्या पिकअपमध्येच ही तुलना अर्थपूर्ण असते. महाग पिकअपमुळे 'बी' तारेचा ढिलेपणा जातो, हाही असाच समज आहे. तारेचा ताण हा तिचे वजन, लांबी व जुळणी यांवर ठरतो. त्यासाठी अधिक जाड तार किंवा ३५ इंची लांबीचे वाद्य हा उपाय असतो. तारेने जे निर्माण केले नाही ते पिकअप निर्माण करू शकत नाही. जे निर्माण झाले त्यातील किती पुढे न्यायचे, एवढेच त्याच्या हाती असते.

हे सुद्धा पहा

गिटार
तानपुरा
विद्युतचुंबकीय प्रवर्तन
अनुनाद